मोजणीचे तीन दिवस

समोरच्या खांबाखाली ती बाई सकाळी सातला स्टूल टाकून बसली आणि सायकल-मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र, मांडीवर कागद, आणि दर थोड्या वेळानं कागदावर एक रेघ.

मिस्त्रींचा जीव वरखाली होण्याला कारण होतं. त्यांच्या दुकानाचा ओटा फुटपाथवर चांगला दोन हात पुढे आला होता. शेजारच्या न्हाव्याची पायरी अशाच एका कागदवाल्याच्या पायगुणानं गेली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

ते विचारायला निघाले. नुसता रस्ता ओलांडायलाच पाच मिनिटं गेली, कारण तिथं चालणाऱ्याला कुत्रं विचारत नव्हतं. याच रस्त्यावर गेल्या वर्षी एका टेम्पोनं त्यांच्या लेकीची सायकल उडवली होती. दोन महिने हात प्लास्टरमध्ये होता. लेक अजूनही कामावर सायकलनंच जायची, आणि ती पोचल्याचा फोन येईपर्यंत तिची आई चहाला शिवत नसे.

बाई ताकास तूर लागू देईना. मोजणी तीन दिवस आहे, तोवर बोलायची परवानगी नाही म्हणाली आणि मिस्त्रींच्या देखत आणखी एक रेघ ओढली. रेघ पडली तेव्हा एक सायकल दुकानाकडे वळत होती. मिस्त्रींना तेवढं पुरलं. ही आपली गिऱ्हाइकं मोजतेय, आणि धंदा किती नि ओटा कुठवर ते वर कळवणार.

बायको म्हणाली, अहो, संशयाला औषध नाही. पण मिस्त्री कुणाचं ऐकतील तर ना. हवा भरायला आलेल्या प्रत्येकाच्या कानात त्यांनी सांगितलं की तीन दिवस या रस्त्याला फिरकू नका, मागच्या गल्लीतून जा-ये करा. गल्ली लांबची, त्यात मध्ये सात पायऱ्या, सायकल खांद्यावर घ्यावी लागे. पण मिस्त्री अडल्यानडल्याला उधार पंक्चर काढणारा माणूस. दूधवाले, पेपरवाले, शिलाई कारखान्यातल्या बायका, झाडून सगळ्यांनी ऐकलं. लेकीलाही त्यांनी गल्लीतूनच पाठवलं. बाईची रेघ थांबली तसे मिस्त्री मिशीत हसले.

चौथ्या दिवशी सकाळी तीच बाई सायकल ढकलत ओट्यापाशी आली. मागचं चाक बसलं होतं. मिस्त्रींनी सावधपणे ट्यूब काढली आणि पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागले. मोजणी संपली, आता बोलायला हरकत नाही, म्हणत बाईच सुरू झाली. शहरातल्या सहा रस्त्यांपैकी एकाच रस्त्याला सायकलींची वेगळी, कठडा घातलेली पट्टी मिळणार होती, शिवाय चालणाऱ्यांसाठी सिग्नल. जिथं सायकली जास्त, तिथं.

"मी स्वतः इथूनच जाते हो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, हाच रस्ता पहिला येणार. तीन दिवसांत सायकली किती, तर एकेचाळीस. कुठे गेली सगळी माणसं, देव जाणे."

मिस्त्रींच्या हातातली ट्यूब पाण्यात तशीच राहिली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि पायही आपला एकट्याचा नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

"ताई, परत मोजता नाही येणार?"

"कागद काल वर गेले. आता दोन वर्षांनी."

तेवढ्यात लेक सायकल घेऊन बाहेर आली. बाईला पाहून ती थबकली आणि बापाजवळ येऊन हळूच, पण ऐकू जाईल इतपत म्हणाली, "बाबा, ही अजून आहे. आजही सगळ्यांना गल्लीतूनच जायला सांगायचं का?"

बाईनं मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांना मान वर करवेना.

"सगळ्यांना नको," ते म्हणाले. "तू जा गल्लीतून. आता दोन वर्षं तू गल्लीतूनच जा."