मिरची मावशीच्या लग्नातले पाहुणे

मिरची मावशीनं पन्नाशी उलटल्यावर दुसरं लग्न ठरवलं, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो जेवण कोण करणार हा. आम्ही केटरिंगवाले. बाबा आचारी, आई वाढप सांभाळते, मी व्हॅन चालवते. लग्न म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर नवरा-नवरी येत नाहीत, पातेली येतात.

"खबरदार!" मावशी फोनवर आईला कडाडली. आईची जुनी मैत्रीण ती, आईच्या शेजारी बसून तिनं अर्धं आयुष्य भाज्या चिरल्या होत्या. "तुम्ही पाहुणे आहात. हॉलमध्ये शिरताना तू माझ्या शेजारी हवीस. तू नसलीस तर मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

फोन ठेवून आई एकटीच हसत बसली. मग म्हणाली, "इतकी लग्नं उरकली गं आपण. धड एकही पाहिलं नाही."

लग्न रविवारी. घड्याळजी, म्हणजे आमचे नवरदेव, जुन्या साहेबी क्लबाच्या मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्त ठेवतात, म्हणून तिथला हॉल त्यांना मिळाला होता. आम्ही शनिवारीच पोहोचलो. आलोच आहोत तर शहर बघू, असं बाबांच्या मनात आलं. बघायचं काय, तर साहेबांनी मागे टाकलेला पसारा. चर्च, कचेरी, तोफा, गव्हर्नरचा बंगला. दुसऱ्यांच्या देशात येऊन, दुसऱ्यांच्या पाठीवर दगड लादून बांधलेली घरं, आणि आता तीच बघायला आपण तिकीट काढून रांगेत उभे.

बंगल्यात माहिती सांगणारा पोरगेला गाईड झुंबरावर इतका बोलला की वर बघून बघून माझी मान अवघडली. ते झुंबर पुसलं कुणी, यावर अर्धं वाक्य नाही. पुढे जेवणाचं लांबलचक टेबल, दोरी बांधून मांडून ठेवलेलं. गाईडची पाठ वळली आणि आईनं दोरीवरून वाकून दोन काटे सरळ केले. पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली.

"अगं, तो गव्हर्नर मेला," बाबा म्हणाले. "आता कुठला येतोय जेवायला?"

"वाकडे होते," आई म्हणाली.

बाबांनी गाईडला विचारलं, "एवढी भांडी घासायचे कुठं हो?"

गाईड प्रामाणिक निघाला. "मागे मोरी होती म्हणतात. आता तिथे पर्यटकांसाठी स्वच्छतागृह केलंय."

आम्ही तिघांनी ते जाऊन पाहिलं. अख्ख्या सहलीत बाबांना तेवढंच आवडलं.

रविवारी आई ठेवणीतल्या साडीत, बाबा नव्या कोटात. क्लबाला पुढे रुंद दगडी पायऱ्या, खांब, मोठी पोर्च. मी व्हॅन आत घेतली, सवयीनं इमारतीला वळसा घातला आणि मागे स्वयंपाकघराच्या दाराला बरोब्बर टेकवली. तिघंही उतरलो. बाबांनी दार ढकललं. आपण चुकतोय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"आलात का एकदाचे!" आतला सुपरवायझर खेकसला. "माझी माणसं गायब, आणि तुम्ही नटूनथटून येताय!"

त्यानं तीन एप्रन फेकले. बाबांनी हुंगलं. "अहो, सूप खाली लागतंय!" म्हणत त्यांनी डाव हिसकावला. आईच्या हातांनी आपसूक एप्रनची गाठ मारली. माझ्याही हातात पेल्यांचा ट्रे कधी आला, मला कळलं नाही. आम्हाला कुणी जुंपावं लागत नाही, आमचे आम्हीच जुंपले जातो. लाज वाटते लिहायला, पण आहे ते असं आहे.

"आई, आपण पाहुणे आहोत," मी म्हटलं.

"हो गं, एवढी ताटं पुसते आणि..."

तेवढ्यात एक वेटर हसत आत आला. "नवरी बाहेर पायऱ्यांवर अडून बसलीय! कुणाची तरी वाट बघतेय म्हणे. नवऱ्याचे भाऊ भडकलेत. मोडतंय बहुतेक."

आईच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती हॉलच्या दाराकडे धावली.

"ओ बाई!" सुपरवायझर आडवा आला. "कामाच्या माणसांनी हॉलमधून जायचं नाही. मागून वळसा घाला."

आई थांबली. आयुष्यभर हे वाक्य ऐकून ती मुकाट वळलीय, मी शेकडो वेळा पाहिलंय. बाबांचा डाव हवेतच राहिला.

"नवरी माझी मैत्रीण आहे," आई म्हणाली. "तुमचं सूप तुम्ही बघा. व्हा बाजूला."

तो झाला बाजूला. एप्रन तसाच, आई भरल्या हॉलच्या मधोमध निघाली. मागे मी, माझ्यामागे डाव घेतलेले बाबा. एका सुटाबुटातल्या गृहस्थानं तिच्यापुढे रिकामा पेला धरला.

"थांबा की," आई त्याला म्हणाली. "आधी लग्न तर होऊ द्या!"

पायऱ्यांवर मावशी बसली होती, शेजारी दिरांची फौज तोंडं पाडून.

"कुठं मेली होतीस?"

"मागच्या दारानं आले," आई म्हणाली.

मावशीनं एप्रन पाहिला, बाबांचा डाव पाहिला, आणि ती इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं.

"काढते गं हा," आई गाठीशी झटापट करत म्हणाली.

"राहू दे. माझा माणूस तिकडे घामाघूम झालाय, चल."

दोघी हातात हात घालून आत गेल्या. पुढे घड्याळजींनी अंगठी काढली. केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस, पण दोनदा त्यांचा नेम चुकला, अंगठी बोटात जाईना.

"घाबरू नका, भावोजी," आई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "चावत नाही ती."

"कोण म्हणतं चावत नाही?" मावशी म्हणाली, आणि बोट पुढे केलं.