पानगळीतली चाचणी

चाचणी समितीचे अध्यक्ष मोहुर्ले साहेब कोंबडीची तंगडी चोखत होते. त्यांच्या बोटांवरचा पिवळा तवंग टेबलावरच्या नकाशावर ठिबकत होता, आणि कोणालाही त्याचे काही वाटत नव्हते. आलापल्लीपलीकडच्या जंगलातली ही पोलीस चौकी आज आनंदात होती. नव्या बिनतारी यंत्रणेने मुख्यालयाचे चित्र पडद्यावर लख्ख दाखवले होते.

फक्त बिनतारी विभागाच्या उपनिरीक्षक रंजीता यांनी अहवालावर सही केली नव्हती.

"साहेब, आत्ता सागाला पान नाही. पावसाळ्यात ओली पानं या यंत्रणेची लहर गिळून टाकतात. चाचणी श्रावणात घ्या, असं मी लिहून दिलं होतं."

यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचा लोकेश हसला. "मॅडम, श्रावणात इथी यायले रस्ता कुठी राह्यते?"

"म्हणूनच तर."

सगळे हसले. मोहुर्ले साहेबांनी दातांत अडकलेला तुकडा नखाने काढला आणि न्याहाळून खाल्ला. "आपल्याले झाडाइचं संशोधन नाई करायचं, बाई. सही करा अन् तंगडी घ्या."

"सही नाही करणार."

"नका करू. बाकीच्याइच्या झाल्या." त्यांनी आवाज चढवला. "धनराज, जुना सेट गाडीत टाक!"

जुन्या बिनतारी सेटवर चित्र येत नसे. मोहाच्या झाडाला बांधलेल्या लांब तारेवरून खरखरता आवाज तेवढा येई. पण मुसळधार पावसातही येई. गेल्या श्रावणात नाल्यांनी चौकी वेढली असताना मेंदूज्वराने बेशुद्ध पडलेल्या चैतू या चौकीतल्या गड्यासाठी त्याच सेटवरून नाव मागवली होती. तोच चैतू आता साहेबांच्या पत्रावळीत रस्सा वाढत होता.

हवालदार धनराज सेट उचलून निघाला. रंजीता त्याच्या मागे गेल्या. ट्रकच्या हौद्यात वाटेतल्या चौक्यांवरून सकाळीच, रंजीता यांना न कळवता उचललेले सेट एकमेकांवर फेकलेले होते. त्यांच्यावर उरलेल्या कोंबड्यांची खुराडी ठेवली होती. एका सेटच्या जाळीतून विष्ठा आत गळत होती.

"धनराजभाऊ, हा परत आत न्या. हे सगळे माझ्या ताब्यातले आहेत. बाकीचेही उतरवा."

"मॅडम, बदली होईन तुमची."

"होऊ द्या."

ओसरीवरून मोहुर्ले साहेबांनी ट्रकवाल्याला नुसता हात हलवून निघायची खूण केली. ट्रक धुरळा उडवत निघून गेला. धनराजच्या हातातला सेट तेवढा मागे राहिला.

"घ्या, एक खेळणं ठेवा तुमाले," साहेब म्हणाले आणि चूळ भरून ती अंगणातच थुंकले.

पाहुणे गेल्यावर चैतू सेटची सोडलेली तार पुन्हा बांधायला मोहावर चढला. खाली उतरून त्याने विचारले, "मॅडम, थोडी कोंबडी राह्यली. जेवता काय?"

"नको रे." त्या रश्श्याचा वासही त्यांना सोसवत नव्हता.

धनराजने सेट चालू केला आणि रोजच्या सवयीने शेजारच्या चौकीला हाक घातली. एकदा, पुन्हा एकदा. खरखर तेवढी येत राहिली.

"काऊन बोलत नाई हे?" चैतूने विचारले.

 धनराज ट्रक गेलेल्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत होता.