पेवावरचा दगड

आमच्यात सून गुरांच्या वाडग्यात पाय टाकत नाही. तिथं घरचे पूर्वज असतात, आणि सून पडली परक्या घरची. सासऱ्याचं नावसुद्धा ती तोंडातून काढत नाही. मी मात्र रोज सकाळी वाडग्यात जाते, आणि ते बघून गावातल्या बाया नाकं मुरडतात. मुरडू देत. त्यांची नाकं आहेत.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतलं आमचं अख्खं पोंडोलँड पेटलं होतं. गोऱ्यांच्या सरकारनं आमच्या जमिनीला तारा ठोकल्या, कर वाढवले, आणि आपले होयबा मुखिया म्हणून आमच्या डोक्यावर बसवले. माणसं टेकडीवर जमून बोलायची. त्या सभेला आम्ही नुसतं ‘डोंगर’ म्हणायचो. एके दिवशी सभेवर विमानं घिरट्या घालायला लागली आणि झाडीतून पोलीस निघाले. आमच्या लोकांनी पांढरं फडकं वर केलं. तरी गोळ्या घातल्या मेल्यांनी. पळणाऱ्यांच्या पाठीत घातल्या.

माझा नवरा झिलिंडिले मांडीत गोळी घेऊन घरी आला. अंगावर जखम दिसली की पोलीस उचलून न्यायचे, आणि नेलेल्याचा पुन्हा पत्ता लागायचा नाही. मामंजींनी त्याला पेवात उतरवलं. आमचं धान्याचं पेव वाडग्याच्या मधोमध असतं, तोंडावर सपाट दगड आणि त्याच्यावर शेण. बंद पेवातली हवा माणूस मारते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून दगडाच्या कडेला मक्याचं कणीस सारून बोटभर फट ठेवली होती.

“काही झालं तरी तू वाडग्याकडे फिरकू नकोस,” मामंजींनी मला बजावलं. “गोऱ्याला काय कळतंय? पण त्याच्याबरोबर आपलेच लोक असतात. सून तिकडे घुटमळली की त्यांना लगेच वास येईल.”

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ते आलेच. एक गोरा सार्जंट, आणि चार-सहा आमच्यातले शिपाई. त्यातला जिबा पलीकडच्या खोऱ्यातला, वरून गोड हसणारा, आतून काळकुट्ट. त्यांनी मामंजींचे हात बांधून त्यांना वाडग्याच्या दाराच्या खांबाला जखडलं. झोपड्या उलथ्यापालथ्या केल्या. माझं पीठ सांडलं, मडकी फोडली. वाडग्यात मात्र जिबानं दारातूनच नजर फिरवली. परक्याच्या वाडग्यात शिरायला तोही कचरला.

मी मनात म्हटलं, सुटलो.

कसलं सुटतोय! दंड म्हणून अख्ख्या खोऱ्यातून जप्त केलेली गुरं त्यांनी आणली आणि आमच्याच वाडग्यात कोंडली. आमचं कुंपण दणकट होतं ना, म्हणून. गुरं दाटीवाटीनं आत घुसली, तुडवातुडवी सुरू झाली. एक पिवळा बैल बरोब्बर दगडावर जाऊन उभा राहिला. मी चुलीपाशी बसून बघत होते. कणीस चेपलं. ओलं शेण खुरांनी फटीत भरत गेलं. माझा नवरा आत होता, आणि वर पिवळा बैल रवंथ करत होता.

“काय गं सूनबाई,” जिबा दातात काडी घालत म्हणाला, “सारखी वाडग्याकडे काय बघतेस? तुझ्या माहेरची गुरं आहेत का त्यात?”

मी मान खाली घातली. गेले तर हा ओळखणार, आणि नाही गेले तर तो आत गुदमरणार. मग मी जे सुनेनं कधी करू नये ते केलं. मान वर करून मामंजींच्या डोळ्यांत सरळ बघितलं. त्यांनीही तो बैल बघितला होता.

“साहेब,” मामंजी एकदम ओरडले, “गायींच्या कासा फुटायला आल्यात. ऐका जरा, कशा हंबरतायत. धार काढू द्या.”

ताज्या दुधाचं नाव निघताच सार्जंटला कॉफी आठवली. “जिबा, काढ धार.”

“मी शिपाई आहे साहेब, गुराखी नाही,” जिबा फणकारला. “आणि या घरात आता धार काढायला पुरुष आहे कुठं?”

“आहे,” मामंजी म्हणाले. “ही काढेल.”

जिबाच्या तोंडातली काडीच गळाली. “सून? वाडग्यात? म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं? का आत काही दडवलंयस?” त्याचा हात बंदुकीवर गेला आणि तो दाराकडे निघाला.

तेव्हा मामंजींनी त्याच्याकडे पाठ केली. बांधलेल्या हातांनी जमेल तेवढं वाडग्याकडे वळले, आणि पूर्वजांना हाका मारायला लागले. आजा, पणजा, त्याचा बाप, एकेकाचं नाव घेऊन. शिपायांनी आपसूक डोक्यावरच्या टोप्या काढल्या. जिबानंही काढली.

“ऐका,” मामंजी म्हणाले, “माझा मुलगा डोंगरावर मेला. तुमच्या वंशाला आता पुरुष नाही. आजपासून ही या घरचा मुलगा. तिला आत येऊ द्या, तिच्यावर रागावू नका.”

म्हाताऱ्याचा आवाज फाटला. आमच्यातला कुठलाही माणूस माणसांशी शंभर वेळा खोटं बोलेल, पण वाडग्याच्या दारात उभं राहून पूर्वजांशी नाही. जिबाला हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्याला शंकाच राहिली नाही. त्यानं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, “जा बाई. वाईट झालं.”

मी आत गेले. वाटत होतं जमीनच मला थुंकून टाकेल. बैलाला ढुशा देऊन हटवलं, दगडाशेजारच्या गायीखाली बसले. जन्मात कधी धार काढली नव्हती. गायीनं लाथ घातली, भांडं उलटलं, शिपाई खो-खो हसले. हसा रांडेच्यांनो! एका हातानं सड ओढत होते, दुसऱ्या हातानं गायीच्या आडून शेण उकरत होते. नखं तुटली. फट मोकळी झाली, पण आतून काही हालचाल नाही. मी बोट आत घातलं.

कितीतरी वेळ काहीच नाही. मग त्या बोटाला बोट लागलं.

फट पुन्हा बुजू नये म्हणून वासराचा खुंटा उपटून मी दगडाखाली ठोकला, वर माझं कांबळं टाकलं आणि पेलाभर दूध घेऊन बाहेर आले. सार्जंट ते कॉफीत घालून प्याला. दुपारी ते गुरं घेऊन गेले, आणि मामंजींनाही. गाडीत चढताना त्यांनी मागं वळून वाडग्याकडे बघितलं नाही. पूर्वजांना तोंड दाखवायची लाज वाटली असेल.

झिलिंडिले जगला. जंगलात, मग खाणीवर, दुसऱ्याच नावानं. मामंजी प्रिटोरियाच्या तुरुंगात वारले आणि सरकारनं देह दिला नाही. आमच्यात असा लांब मेलेल्या माणसाचा आत्मा म्फाफा नावाच्या काटेरी झाडाच्या फांदीवर बसवून घरी आणतात. ते काम मुलाचं. पण मेला म्हणून सांगितलेला मुलगा तुरुंगाच्या दारात जाऊन उभा कसा राहणार?

मी गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, “तू त्याची कोण?”

“मुलगा,” मी म्हटलं.

तो हसला. मी फांदी जमिनीला टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचं नाव घेतलं. “सिगिदी, चला घरी.” परत येताना बसमध्ये शेजारची जागा फांदीला दिली आणि वाटेत जिवंत माणसाशी एक शब्द बोलले नाही.

घरी पोचले तेव्हा झिलिंडिले चोरून आला होता. तो कुंपणाबाहेर अंधारात उभा राहिला, आत यायची त्याची छाती होईना. मी एकटीच आत गेले, फांदी पेवाच्या दगडावर ठेवली आणि पूर्वजांना म्हटलं, “यांना घरात घ्या. हे तुमच्याशी खोटं बोलले, मला कबूल आहे. त्यातलं अर्धं मी खरं करून आणलंय. उरलेलं अर्धं बाहेर उभं आहे, त्याच्याकडे बघा आणि मग काय ते ठरवा.”