नेलच्या स्वभावाची चौकशी

लोवरीने फोनच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार प्रश्न लिहिले, दोन खोडले, मग खोडलेल्यातला एक परत लिहिला.

चावते का?
लांबून वळसा घालते की कळपात घुसते?
ओरडलेलं सोसते का?

तिसऱ्याखाली तिने दोन रेघा मारल्या आणि वही उलटी ठेवली, नवऱ्याला, इडवालला, दिसू नये म्हणून.

गुरुवार होता. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायच्या होत्या. वेल्समधल्या या खोऱ्यातल्या सात घरांच्या मेंढ्या उन्हाळाभर त्या एकाच डोंगरावर चरत, मधे कुठे कुंपण नाही. ठरल्या दिवशी सातही घरची माणसं कुत्री घेऊन रांगेने वर जात आणि कळप खाली रेटत आणत. रांगेत एक जागा जरी रिकामी राहिली तरी तिथून मेंढ्या माघारी सटकतात. हाफोद वेनची, म्हणजे लोवरी-इडवालच्या घराची जागा सगळ्यात वर, कड्याखाली. तीस वर्षं तिथे इडवाल उभा राहत आला, त्याच्याआधी त्याचा बाप.

म्हातारा कुत्रा पेरो फेब्रुवारीत गेला. मे महिन्यात इडवालला मेंदूचा झटका आला. खोऱ्यात लोवरीने सांगितलं, "किरकोळ होता, आता ठणठणीत आहे." ज्या घरचा माणूस आपल्या जागी उभा राहत नाही, त्याची जागा शेजारी सांभाळून घेतात. सांभाळता सांभाळता ती त्यांची होते, आणि मग वसंतातल्या बैठकीत कुणीतरी फार मायेने विषय काढतं की, हाफोद वेनच्या चराईच्या हक्काचं आता काय करायचं.

म्हणून कुत्रा हवा होता, आणि नऊ दिवसांत. डोंगरापलीकडचा गेथिन त्याची तीन वर्षांची, शिकवून तयार केलेली कुत्री द्यायला तयार होता. तिचं नाव नेल.

चावते का?

आंटी ब्लोदवेन, वय अठ्ठ्याऐंशी. नेलची आजी तिच्या घरातली.

"चावायची नाही गं. एकदाच चावली, नव्या पाद्र्याला. पण तो होताच तसा."

"आणि आई?"

"आई जरा भित्री. वीज कडाडली की कोळशाच्या खोलीत. इडवाल कसा आहे?"

"छान आहे."

"मग तो का नाही फोन करत? कुत्र्याचं तोच विचारायचा नेहमी."

"मेंढ्यांचे पाय बघतोय."

इडवाल खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्याने हे ऐकलं आणि मान फिरवली.

लांबून वळसा घालते की

(हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी चाललं असतं.)

ओरडलेलं सोसते का?

"हा काय प्रश्न झाला?" आर्वेल म्हणाला. खालच्या शेताचा आर्वेल. मेंढ्या उतरवण्याच्या दिवशी कोण कुठे उभा राहणार ते तोच ठरवी. तो तिला वाटेत भेटला, ट्रॅक्टर बंद न करता. "लोक विचारतात, पळते किती. तू विचारतेस, शिव्या किती खाते. शेतावर आणतेयस की पलटणीत?"

"सहज विचारलं."

"इडवाल तर कुत्र्यांशी कधी मोठ्याने बोलला नाही. त्या पेरोशी तो असा बोलायचा, की बायकोला वाटावं..."

"बायकोला काही वाटायचं नाही."

"बरं बाई. येताय ना पुढच्या शनिवारी?"

"येतोय की."

हॉस्पिटलमधून आल्यापासून इडवालचा स्वभाव पालटला होता. बातम्या लागल्या की तो टीव्ही फाडकन बंद करी. फोन वाजला की ओरडे, "तू घे!" जनावरांचा नवा डॉक्टर आला, मँचेस्टरकडचा हसरा मुलगा, तर इडवाल एक अक्षर न बोलता गोठ्याबाहेर निघून गेला आणि मागे दार असं आपटलं की बिजागरी निघाली. सरकारी फॉर्म त्याने शेगडीत घातला. लोवरीशी मात्र तो बोले, हळू, शब्द शोधत, पण बोले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की चिडचिड होईल. तर होत होती. अशा माणसापुढे लाजाळू कुत्री टिकेल का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

शुक्रवारी गेथिनचाच फोन आला.

"माझ्या कुत्रीबद्दल तू अख्ख्या खोऱ्याला विचारलंस, मला सोडून."

लोवरीचे कान तापले. "तू विकणारा. तू चांगलंच सांगणार."

"मी खरं सांगतो. ओरडलेलं नाही सोसत. गाडीखाली जाऊन बसते आणि तासभर निघत नाही. हळू बोललं तर तुझ्यासाठी जीव टाकेल. कोण ओरडणार आहे तिच्यावर, लोवरी?"

"कुणी नाही."

फोन ठेवल्यावर तिने वहीतलं पान फाडलं. दुसरी कुत्री कुठे होती?

शनिवार. उरले दिवस सात.

इडवालने चांगली टोपी घातली. गाडीत लोवरी म्हणाली, "आवाज चढवू नकोस हं. ती मऊ आहे, लगेच बिचकते."

"मी कधी चढवतो?"

घाट चढेस्तोवर तिने गियर तीनदा चुकीचा टाकला.

गेथिनच्या कुरणात वीसेक मेंढ्या सोडलेल्या होत्या. नेल काळी-पांढरी, अंगाने बारीक, एक कान उभा. गेथिन खिशात हात घालून उभा राहिला आणि शेजाऱ्याकडे पेला मागावा तशा आवाजात म्हणाला, "कम बाय." नेल डावीकडून निघाली, कुरणाच्या कडेकडेने, मेंढ्यांना कळायच्या आत त्यांच्या मागे पोचली. "लाय डाउन." ती जमिनीला चिकटली. "अवे." उजवीकडून. इडवालच्या चेहऱ्यावर मे महिन्यापासून न दिसलेलं काहीतरी आलं. लोवरीने ते पाहिलं आणि तिला आणखीच भीती वाटली.

"आता तू घे," गेथिन म्हणाला.

इडवाल पुढे झाला. तोंड उघडलं. मिटलं. मग तो अगदी हळू, अगदी गोड म्हणाला, "डावीकडून जा, पोरी."

नेलने मान वाकडी केली.

"डावीकडून."

नेल उठली, बसली, गेथिनकडे बघू लागली.

"डावीकडून!" या वेळी आवाज चढला. नेल पोट घासत मागे सरली. "जा! डावीकडून जा ना!" आणि ती गेली, लोवरीच्या गाडीखाली.

झालं, लोवरीच्या मनात आलं. गेथिनने सांगितलं होतं तेच झालं. मऊ कुत्री, तापट माणूस.

पण गेथिन कुत्रीकडे बघतच नव्हता. तो इडवालकडे बघत होता. "तू तिला वेल्शमधून का सांगतोयस?"

लोवरीला आधी प्रश्नच कळला नाही. इथे सगळेच वेल्श बोलतात. भांडण, प्रार्थना, मेंढीला शिवी, सगळं वेल्शमधून. फक्त कुत्र्याला इंग्रजी. असं का, ते कुणी विचारत नाही. गेथिनचा आजा म्हणे, सीमेपलीकडचं इंग्रज गिऱ्हाईक कुत्रा घेईल आणि त्याला वेल्श येणार नाही, म्हणून. इडवालच्या बापाला आयुष्यभरात इंग्रजीचे दहा-बारा शब्द येत होते आणि ते सगळे कुत्र्याला पुरत.

"इडवाल," ती म्हणाली, "इंग्रजीत सांग ना तिला."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग हात वर नेऊन टोपीच्या बाजूला, डाव्या कानावर ठेवला.

"इथे काही नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इंग्रजी. नाहीये. गेलं. ऐकलं तरी धरता येत नाही."

"कधी?"

"तेव्हाच."

तर मागचं सगळं पुन्हा सांगायला हवं. टीव्ही त्याने बंद केला, कारण बातम्या त्याला कळत नव्हत्या. फोन घेतला नाही, कारण पलीकडून कोण कुठल्या भाषेत बोलेल याचा नेम नव्हता. डॉक्टर मुलगा हसत हसत काहीतरी विचारत होता आणि इडवालला तो नुसता आवाज ऐकू येत होता. फॉर्म इंग्रजीतला होता. हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी बाई अँगलसी बेटावरची, वेल्श मुलखातली, पहिल्या दिवसापासून त्याच्याशी वेल्शच बोलली, आणि घरी लोवरीशी तो दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार होता? चाळीस वर्षांत एकदाही नाही. तिने चिडचिड मोजली. काय गेलं ते मोजलं नाही. कुत्रीबद्दल खोरंभर विचारलं, घरातल्या माणसाला एकदा विचारलं नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"येईल परत, वाटलं." तो थांबला. "आणि तू सगळ्यांना सांगत होतीस. ठणठणीत आहे म्हणून."

गेथिन मेंढ्यांकडे बघत उभा राहिला. त्याला दुसरं काय करता येणार? थोड्या वेळाने म्हणाला, "शीळ? तिला शिळाही कळतात."

इडवालने ओठ आवळले. उजव्या कोपऱ्यातून नुसती हवा गेली.

"वेल्श शिकेल ती. हुशार आहे. सहा आठवडे द्या."

"सात दिवस आहेत," लोवरी म्हणाली.

ती गाडीपाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि खाली वाकून नेलशी बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही सांगता आलं नसतं. नेल दहा मिनिटांनी बाहेर आली. लोवरीने आयुष्यात कुत्र्याला हुकूम दिला नव्हता. डावं-उजवं तिचं गाडी चालवतानाही चुके. ती इडवालपुढे जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून.

"तू बघ," ती म्हणाली. "मी बोलते. डावीकडे पाठवायची तर डाव्या खांद्यावर दाब."

मग डाव्या खांद्यावर त्याचा हात आला.

"कम बाय," लोवरी म्हणाली. आवाज फाटला. पण नेल निघाली.

उजवा खांदा. "अवे."

मग दोन्ही खांदे, इतके जोरात की ती पुढे कोलमडली. मेंढ्या फुटल्या, अर्ध्या वर, अर्ध्या फाटकाकडे.

"हे काय होतं?"

"खाली बस."

"मग हळू दाब. मीपण मऊ आहे."

गेथिन हसला. इडवाल हसला नाही, पण पुढच्या वेळी त्याने हळू दाबलं. एकोणीस मेंढ्या कोपऱ्यात आल्या. विसावी आली नाही. कड्याखाली वीस नसतात, चारशे असतात, आणि धुकंही असतं.

"पंधरा दिवस ठेवा," गेथिन म्हणाला. "नाही जमलं तर आणून सोडा. मी कुणाला काही बोलणार नाही."

"मी बोलणार आहे," लोवरी म्हणाली.

घरी आल्यावर कोट न काढता तिने आर्वेलला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"आर्वेल, आम्ही येतोय. पण दोघं एकाच जागी उभे राहू. इडवालचं इंग्रजी गेलंय. झटक्यात. कुत्रीला मी सांगणार."

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.

"हे तू मेमध्ये का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"आमची?"

तिने कोटाचं वरचं बटण काढलं.

"बरं," आर्वेल म्हणाला. "तसं त्याचं इंग्रजी कधी धड होतं? एकदा डॉल्गेलाईच्या बाजारात हॅम आणायला गेला आणि हॅमर, म्हणजे हातोडा, घेऊन आलेला." मग आवाज उतरवून, "नेहमीची जागा देऊ, वर? की खाली, फाटकापाशी? वर घसरट आहे यंदा. मी कुणाला त्या जागेवर हक्क सांगू देणार नाही, एवढं सांगतो. या वर्षी फक्त पोकळी भरू. पुढच्या वर्षीही जागा तुमचीच."

तो असं म्हणाला. पुढच्या वर्षी तो काय म्हणेल, ते लोवरीला माहीत नव्हतं.

"वर, की खाली," ती पुटपुटली आणि तिने मागे वळून पाहिलं. इडवाल दारात उभा होता, नेलची दोरी हातात. त्याने बोट वर केलं, डोंगराकडे.

"खाली," लोवरी फोनमध्ये म्हणाली.

इडवालने बोट खाली घेतलं नाही. ते तसंच धरून तो क्षणभर उभा राहिला, मग अंगणात गेला. लोवरीने फोन ठेवला आणि खिडकीशी आली. तो दगडी पायरीवर बसला होता, कुत्रीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. हळू आवाजात वेल्शमधून तिला एकेक शब्द सांगत होता. डावं. उजवं. बस. थांब. वर.

नेलची पाठ खिडकीकडे होती. ती ऐकतेय की निघून जायला बघतेय, ते इथून कळत नव्हतं.