माझ्या पाठीवरचा लाल खटका

मी पॉवर सप्लाय बोलतोय. कॉम्प्युटरच्या पोटात मागच्या बाजूला बसून आतल्या सगळ्यांना वीज पुरवतो तो काळा डबा. तुम्ही मला पाहिलं नसणार. कोण बघतं? कॉम्प्युटर जोडायला निघालं की माणसाला आधी चित्रांचं महागडं कार्ड हवं, मग रंगीत दिव्यांचे पंखे, मग काचेची पेटी. सगळ्यांची हौस फिटली की उरल्यासुरल्यात आमची आठवण. मग उचलतात काहीतरी हलकं. तसल्या डब्याला साओ पावलोच्या बाजारात ‘बॉम्ब’ म्हणतात. आणि तो फुटला की रडत बसतात.

जेनिवाल्दो तसा नव्हता. जन्मभर ट्रक हाकला त्यानं. गुडघे गेले, ट्रक सुटला, पाठोपाठ बायको दाल्वाही गेली. एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, “ट्रकचा खेळ चालेल असा कॉम्प्युटर जोडून दे.”

दुकानातली बाई हसली. “काका, अजून पोट भरलं नाही ट्रकनं?”

“तुला काय करायचंय? जोड.”

तिनं झकपक कार्ड पुढं केलं, आणि सोबत एक हलकाफूल डबा. जेनिवाल्दोनं तो तळहातावर जोखला. “यात काय, हवा भरलीय? इंजिन हत्तीएवढं नि डिझेलची नळी सुताएवढी. असला ट्रक घाटात बसतो, बाई. कार्ड साधं दे. आणि तो फळीवरचा जड काढ.”

तो जड म्हणजे मी. धूळ खात पडलो होतो. जुन्या घडणीचा. पाठीवर लाल खटका, वीज एकशेदहा व्होल्टची की दोनशेवीसची ते माणसानं हातानं ठरवायचं. मला हातात धरून ‘हाच दे’ म्हणणारा तो पहिला. पुन्हा कुणी म्हटलं नाही, तेही सांगून टाकतो.

खेळ कसला, निमित्त होतं. लांब रोंदोनोपोलिसला त्याचा जुना जोडीदार आबीलियू, कमरेखालून लुळा होऊन पडलेला. जेनिवाल्दोच्या पोरीचा, इवोनेचा, तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता. म्हणून दोघं एकमेकांना ‘कोंपाद्रे’ म्हणत. दर रविवारी दोघं पडद्यावर ट्रक काढायचे, एकामागं एक, आणि कानाला हेडफोन लावून बडबडायचे.

“कोंपाद्रे, ब्रेक मार, पुढं वळण आहे.”

“वळणाला कोण भितो? पुढं तू आहेस, त्याची भीती.”

नुसत्या फोनवर त्यांना धड बोलता येत नसे. स्टिअरिंगवर हात असले तरच जीभ हलायची. मी आत तापत, घुमत बसायचो. वीज माझी, गप्पा त्यांच्या. माझ्याशी एक शब्द नाही, पण कानावर तरी पडायचं.

मग इवोने म्हणाली, “बाबा, तिथं एकटे कशाला कुढता? या आमच्याकडं रेसिफेला.”

आता या देशाची एक तऱ्हा आहे. एका गावात वीज एकशेदहाची, दुसऱ्यात दोनशेवीसची. घर बदलणारा आधी तेच विचारतो. साओ पावलोत एकशेदहा, रेसिफेत दोनशेवीस. म्हणून जेनिवाल्दोनं फ्रीज विकला, पंखा शेजारणीला दिला. दाल्वाचा मिक्सर उचलला, खाली ठेवला, परत उचलला, आणि शेवटी तोही तिथंच सोडला. माझंही विचारलं हो त्यानं. जावई क्लोविस फोनवर म्हणाला, “सासरेबुवा, कॉम्प्युटरला कुठलीही चालते. माझा नाही का चालत सगळीकडं?” त्याचा होता लॅपटॉप. त्याचा चार्जर वीज कुठली ते आपलं आपण बघून घेतो. माझा खटका कोण फिरवणार? मला हात नाहीत.

रेसिफेला पोचले, पेटी उघडली, वायर खोचली, बटण दाबलं. फाट्. धूर. घरातले सगळे पंखे थांबले.

“बॉम्ब निघाला की,” क्लोविस म्हणाला.

बॉम्ब म्हणे. मला. दुप्पट वीज अंगावर आली ती मी आतल्या आत जिरवली. जळलो, पण पुढच्या एकाही तारेत तिला पाऊल टाकू दिलं नाही. जेनिवाल्दोला वाटलं सगळा कॉम्प्युटरच गेला. लेकीच्या घरी पाऊल ठेवलं नि वीज घालवली, याची त्याला लाज. रविवारी खुर्ची भिंतीकडं करून बसायचा. टापिओकाचं गरम धिरडं समोर ठेवलं तरी “भूक नाही”. आबीलियूचा फोन वाजून वाजून थांबायचा.

शेवटी आबीलियूनं इवोनेलाच गाठलं. “पोरी, तुझा बाप मेला असेल तर तसं सांग. मी इथं दर रविवारी नाक्यावर ट्रक लावून बसतोय.”

तिनं नवऱ्याकडं नुसतं बघितलं. क्लोविस उठला. दुसरा पॉवर सप्लाय आणला, मला उपसून त्या जागी बसवला. पडदा उजळला. कार्ड, डिस्क, सगळं शाबूत. तेव्हा कुठं त्यानं माझी पाठ बघितली. खटका एकशेदहावर.

“सासरेबुवा, चूक माझी.”

“तुझी चूक, आणि मार खाल्ला त्यानं,” जेनिवाल्दो म्हणाला आणि हेडफोन चढवला. “कोंपाद्रे, कुठं आहेस?”

“नाक्यावर. तुझी वाट बघून डिझेल संपलं माझं.”

आता मी मागच्या ओसरीत असतो. भंगारवाला गाडी घेऊन दारात आला की इवोने मला उचलते, आणि आतून जेनिवाल्दो ओरडतो, “त्याला हात लावू नको. राहू दे.” राहू दे म्हणतो, पण येऊन बघत नाही. उपकार मानणाऱ्या माणसांची ही खोड. टाकतही नाहीत, विचारतही नाहीत. भिंतीपलीकडं दोघं हसतात ते ऐकू येतं. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्यात मी नाही.

तेव्हा बाबांनो, मला भंगारात देऊन टाका. पोटात चांगलं तांबं आहे माझ्या. ते वितळेल, त्याची तार होईल, कुणाच्या तरी घरात तिच्यातून वीज वाहील. नुसत्या ‘राहू दे’वर कोण किती दिवस काढणार?