गोष्ट आली का?

चित्रकारांच्या लेकीच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. तिनं एवढंच मागितलं होतं: ‘काका, बाबा रोज सकाळी शाई कालवून बसतात. तुमची गोष्ट यायची आहे म्हणतात. मासिक कधीच बंद पडलं, हे आता त्यांना कळत नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. कशीही चालेल, एक गोष्ट पाठवा.’

कशीही चालेल, हेच मला जमत नव्हतं. चार ओळी लिहायच्या, फाडायच्या. मासिकातली माझी गोष्ट लोक त्यांच्या चित्रासाठी उघडत. बायका त्यांनी काढलेली नायिका घेऊन शिंप्याकडे जात: ‘अस्साच गळा हवा.’ मग संपादकांनी फोटो छापायला घेतले आणि चित्रकार साबणाच्या वेष्टणांवर फुलं काढू लागले. पुढे तेही काम सुटलं.

लिहिण्यापेक्षा भेटणं सोपं वाटलं, म्हणून गेलो. ते खिडकीशी टेबलावर वाकले होते. समोर जाड कोरा कागद, कोपरे चिकटपट्टीनं बसवलेले. वाटीतल्या शाईवर साय धरली होती.

‘काय शिपाईबुवा, आजही हात हलवत आलात?’

‘बाबा, अहो हे...’ लेक म्हणाली. मी तिला खुणेनं थांबवलं. मासिकाच्या कचेरीतून गोष्टी आणणारा शिपाई समजले होते ते मला.

‘वाळवीनं दिली नाही का गोष्ट?’

सतत पुस्तकात तोंड खुपसलेलं, म्हणून मला हे नाव त्यांनीच ठेवलं होतं.

‘नाही दिली,’ मी म्हणालो.

‘संपादक ओरडले असणार! सांगा त्यांना, त्याच्यावर आवाज चढवू नका. ओरडलं की महिनाभर पेन धरत नाही तो. बाकीच्यांच्या गोष्टी मी वाचतच नाही हो. कोण उभं, कोण बसलंय, उजेड कुठून येतोय, एवढं विचारतो आणि काढतो. याची मात्र शेवटपर्यंत वाचतो. त्याला बोललो नाही कधी. लाजून मेला असता बिचारा.’

लेक पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही. ‘सांगतो,’ म्हणून उठलो.

घरी येऊन लिहायला बसलो. दोनच पानं झाली. मधला भाग कच्चा, शेवट तर साफ फसलेला. हात फाडायला गेलाही होता. पण घडी घातली, पाकिटावर लेकीचा पत्ता लिहिला आणि चपला शोधल्या. कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्ध्यावर अडकलं. बोटानं आत ढकललं.