बाह्यांचं अस्तर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लुआनाची गाडी सॉल्ट लेकच्या मॉर्मन मंदिराच्या उत्तर दारापाशी थांबली आणि तिघींपैकी दोघी आत गेल्या.

आत गेली ती केम्री, वय तेवीस. अकरा वाजता तिचं लग्न होतं. तिच्याबरोबर गेली तिची मावशी लुआना, हातात झाकपिशवीतला लग्नाचा पोशाख घेऊन. बाहेर फुटपाथवर राहिली ती केम्रीची आई जनील.

जनीलने आठ वर्षांपूर्वी मॉर्मन चर्च सोडलं होतं. चर्च सोडलेल्याला मंदिराचा परवाना मिळत नाही, आणि परवाना नसेल तर पोटच्या मुलीच्या लग्नालाही आत जाता येत नाही. आधी कोर्टात लग्न लावून सगळ्यांना बोलवायचा एक मार्ग होता. पण त्या वेळच्या नियमाने मग मंदिरातल्या लग्नासाठी वर्षभर थांबावं लागलं असतं. केम्रीने फोनवर तसं विचारलं होतं. "वर्षभर कशाला थांबतेस," असं जनीलच म्हणाली होती.

त्यानंतर तिने पोर्टलंडला पोशाख शिवायला घेतला. सहा महिने संध्याकाळी तेच काम चाललं होतं. आदल्या रात्री लुआनाच्या घरी केम्रीने तो अंगाला लावून पाहिला आणि म्हणाली, "आई, तू आत नसशील, पण हा असेल." लुआनाने सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं.

दोन तास जनीलने काय करायचं, याची योजना लुआनाने येतानाच गाडीत मांडली होती.

"दहाला कॅपिटॉलच्या चढावरचं पहिल्या वसाहतवाल्यांचं संग्रहालय उघडतं. आपल्या खापरपणजीची पेटी आहे तिथे. मग मोठ्या लायब्ररीच्या गच्चीवर जा, डोंगर काय दिसतात! बाराला टॅबरनॅकलच्या सभागृहात ऑर्गन वाजवतात, फुकट."

"लुआना, मी या शहरात बेचाळीस वर्षं राहिले."

"राहिलीस. पाहिलंस कधी? प्रत्येक रविवारी चर्च, प्रत्येक बुधवारी चर्च, मधल्या दिवशी चर्चच्या जेवणासाठी कॅसरोल भाजायची."

मागच्या सीटवर केम्री हसली.

"आणि कॉफी प्यायची असेल," लुआना आरशात न बघता म्हणाली, "तर दक्षिणेला दोन चौक सोडून एक दुकान आहे."

"तुला कसं माहीत?"

"वास येतो बाई. चर्चची बंदी पिण्याला आहे, नाक बंद ठेवायचा नियम नाही अजून."

दारापाशी केम्रीने आईला घट्ट मिठी मारली. तिचे केस बांधलेले होते, म्हणून जनीलने हात तिच्या पाठीवरच ठेवला. वडील रेक्स आणि त्यांची दुसरी बायको आधीच आत पोचले होते. काचेचं दार उघडलं, लुआनाने झाकपिशवी डोक्यापेक्षा उंच धरली आणि दार बंद झालं.

जनीलने कॉफी घेतली. काउंटरवरच्या मुलीने "शहर बघायला आलात का?" विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली. बाहेर आल्यावर समोरून तिच्या जुन्या वॉर्डातलं, म्हणजे भागातल्या चर्च-मंडळीतलं, एक जोडपं येताना दिसलं आणि तिचा कॉफीच्या कपाचा हात आपोआप पाठीमागे गेला. जोडपं वेगळंच निघालं, ओहायोहून आलेलं. त्यांनी तिलाच टॅबरनॅकलचा रस्ता विचारला.

संग्रहालय उघडलं तेव्हा आत शिरणारी ती पहिलीच. पांढऱ्या केसांच्या स्वयंसेविकेने नाव विचारण्याआधी आडनाव विचारलं, आडनाव ऐकून आजोळ विचारलं आणि आजोळ ऐकल्यावर तिला थेट दुसऱ्या मजल्यावर नेलं.

"ही पेटी. तुमच्या खापरपणजीने मैदानं ओलांडताना बैलगाडीतून आणली. निम्मं सामान वाटेत टाकून दिलं, पण ही नाही टाकली."

"हो, लहानपणी दाखवली होती आम्हाला."

"मग तुम्ही इथल्याच! कुठला वॉर्ड?"

"आता पोर्टलंडला असते."

"पोर्टलंडला काय, वॉर्ड सगळीकडे असतात," बाई म्हणाली आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. जनीलने पेटीवरची अक्षरं वाचण्याच्या निमित्ताने मान खाली घातली.

पेटीशेजारच्या काचेत एक पांढरा लग्नाचा पोशाख होता. कॉलर बंद, बाह्या मनगटापर्यंत. जनील शिवणारी बाई. तिने आधी बाह्याच पाहिल्या. खांद्याजवळची चुणी कशी बसवली आहे ते नीट दिसेना म्हणून तिने चष्म्यासाठी पर्स उघडली.

चष्म्याच्या डबीवर दोन बाह्या होत्या. पांढऱ्या साटिनच्या, इस्त्री केलेल्या, टिश्यू कागदात गुंडाळलेल्या. सोबत ओवलेली सुई.

मंदिरातला पोशाख पारदर्शक चालत नाही. केम्रीच्या बाह्या लेसच्या होत्या, आणि त्यांच्या आत हे अस्तर बसायचं होतं. साटिन चुरगळतं, म्हणून नवरीच्या अंगावर पोशाख चढल्यानंतर खोलीत आई ते सहा-सहा कच्च्या टाक्यांनी लावते. जनीलच्या लग्नात तिच्या आईने तसंच लावलं होतं. लुआनाच्या मुलींच्या वेळी जनीलने स्वतः लावलं होतं, गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून. म्हणून आदल्या रात्री तिने अस्तर इस्त्री केलं, सुई ओवली आणि सगळं आपल्या पर्समध्ये ठेवलं. सकाळी खोलीत लावू, असं ठरवून.

त्या खोलीत आपण असणार नाही, हे तिला सहा महिने माहीत होतं. पर्स भरताना नव्हतं.

"तब्येत बरी आहे ना?" स्वयंसेविकेने विचारलं. "इथे चढ फार आहे. पोर्टलंड सपाट असेल."

जनीलने लुआनाला फोन लावला. बंद. केम्रीचा बंद. रेक्सचा बंद. मग तिने भावाला लावला, भावजयीला, लुआनाच्या दोन्ही मुलींना. या शहरात जेवढ्या माणसांचे नंबर तिच्याकडे होते ती सगळी मंदिरात होती आणि सगळ्यांचे फोन कपडे बदलायच्या खोलीतल्या कपाटांत होते. पोशाख चालण्यासारखा नसेल तर काय करतात हेही तिला माहीत होतं. आतल्या बायका शांतपणे कापड आणून झाकतात, नाहीतर मंदिराकडचा साधा पोशाख देतात. कुणी रागावत नाही. लग्न वेळेवर लागतं. आईने शिवलेला पोशाख मात्र खुंटीवर राहतो.

ती उतारावरून जवळजवळ पळतच आली. मंदिराच्या चौकाच्या फाटकापाशी दोन तरुण प्रचारक सिस्टर उभ्या होत्या, छातीवर नावाच्या पट्ट्या, एक टोंगाची, एक कोरियाची.

"नमस्कार! पहिल्यांदाच आलात का इथे?"

"नाही, नाही. घाईत आहे मी."

"दोनच मिनिटं," टोंगाची सिस्टर तिच्याबरोबर चालू लागली. "कुटुंबं कायमची एकत्र राहू शकतात, याबद्दल कधी ऐकलंय तुम्ही?"

जनील थांबली. ती स्वतः बावीस वर्षांची असताना तैवानमध्ये प्रचारक म्हणून दीड वर्ष हेच वाक्य रोज दारोदार म्हणत होती.

"ऐकलंय गं पोरी," ती म्हणाली. "चिनीतसुद्धा ऐकलंय. आता सोड मला, माझ्या मुलीच्या बाह्या राहिल्यात."

त्या दोघींना काही कळलं नाही, पण कोरियाच्या सिस्टरने धावत पुढे जाऊन तिच्यासाठी उत्तरेचं दार उघडून धरलं.

टेबलामागे पांढऱ्या सुटातले एक म्हातारे गृहस्थ होते.

"या सिस्टर. परवाना?"

"नाही माझ्याकडे."

"मग या बाजूला बसा हं. लिमलेट आहेत तिथे वाडग्यात." त्यांनी हे इतक्या मऊ आवाजात सांगितलं की तिला त्यांच्याशी भांडताही येईना.

"बसायला नाही आले, ब्रदर. आज अकराला माझ्या मुलीचं लग्न आहे. केम्री. तिच्या पोशाखाचं अस्तर माझ्याकडे राहिलंय."

"अरेरे. आज तर शुक्रवार, आज बऱ्याच नवऱ्या आहेत." त्यांनी फोन उचलून कुणाला तरी हळूच सांगितलं.

आतून एक बाई आली, साठीची, पायघोळ पांढऱ्या पोशाखात, कापडी चपला घातलेली. तिने टिश्यू उघडून अस्तर पाहिलं.

"काय सुंदर शिवलंय! पण काळजी करू नका, आमच्याकडे कापड असतं आत. बाहीसाठी कुणाचं लग्न अडत नाही."

"मला माहीत आहे," जनील म्हणाली. "म्हणूनच पळत आले. एका बाहीला सहा टाके. पहिला खांद्याच्या शिवणीवर, मग काखेत, कोपराला दोन, मनगटाला दोन. लेस ओढायची नाही, साटिन ढकलायचं. सुई ओवलेली आहे. पोशाख अंगावर असतानाच लावा, नाहीतर झोळ येतो."

"अगं बाई, तुम्ही तर पुष्कळ वेळा केलेलं दिसतंय."

"केलंय. आतच केलंय."

"मग मला कशाला शिकवता? तुम्हीच चला. पाच मिनिटांचं तर काम." तिने जनीलचा दंड धरला आणि वळलीसुद्धा. जनील तिच्याबरोबर तीन पावलं गेली.

म्हातारे खाकरले. "सिस्टर डेंटन. त्यांच्याकडे परवाना नाही."

सिस्टर डेंटनने दंड लगेच सोडला नाही. मग सोडला. "हो का," ती म्हणाली. "बरं. मी बघते हं. काय नाव म्हणालात?"

"केम्री हॅस्लम. केस तांबूस आहेत. बरोबर तिची मावशी आहे, तिला शिवता येत नाही."

"बघते मी," ती पुन्हा म्हणाली आणि अस्तर घेऊन आत गेली. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती.

ती परत आली नाही. जनील लिमलेटच्या वाडग्याशेजारी बसून राहिली. तिच्यासारखेच आणखी चौघं तिथे होते. त्यांतले एक गृहस्थ कॅथलिक होते, पुतण्याच्या लग्नासाठी बोस्टनहून आलेले. "आमच्याकडे निदान मागच्या बाकावर तरी बसू देतात," ते म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी एक लिमलेट घेतलं.

साडेअकरा झाल्यावर जनीलने टेबलापाशी जाऊन विचारलं.

"निरोप काही आलेला नाही, सिस्टर," म्हातारे म्हणाले. "पण बातमी नाही म्हणजे सगळं ठीकच समजायचं. नवऱ्या पूर्वेच्या दाराने बाहेर येतात, माहीत असेलच तुम्हाला. तिकडे ऊन छान आहे."

तिने क्षणभर विचार केला. इथे थांबलं तर कदाचित सिस्टर डेंटन भेटेल. तिकडे गेलं नाही तर केम्री बाहेर येईल तेव्हा आई समोर नसेल. ती पूर्वेला गेली.

पूर्वेच्या चौकात चार लग्नांचे नातेवाईक चार घोळक्यांत उभे होते. डोंगरांवर नुकतंच बर्फ पडलं होतं. दार उघडलं की सगळे घोळके एकदम पुढे सरकत आणि आपली नवरी नाही असं दिसलं की तीन घोळके मागे येत. एका बाकावर कॅमेरेवाली मुलगी भिंगं पुसत बसली होती.

"केम्री आणि टॅनरचे फोटो तुम्हीच काढणार ना?" जनीलने विचारलं.

"हो, माझेच ते. तुम्ही मावशी?"

"आई."

"आई? मग तुम्ही बाहेर कशा?" असं म्हणून मुलगी थांबली. "अच्छा. सॉरी हं." तिने भिंग पुन्हा पुसलं. "माझे बाबा पण बाहेर होते माझ्या वेळी. कबुतरांना पॉपकॉर्न घालत बसले होते. फोटोत हातात पुडी आहे अजून."

"तुम्ही इथून नवऱ्या बघता," जनील म्हणाली. "आत जो पोशाख घालतात तोच घालून बाहेर येतात का?"

"काही येतात. काही बदलून येतात. मला बाहेरून काय कळणार?"

सव्वाबाराला दारातून रेक्स एकटा बाहेर आला. उन्हात डोळे बारीक करून त्याने इकडे तिकडे पाहिलं, जनील दिसल्यावर टायची गाठ नीट केली आणि तिच्याकडे आला. घटस्फोटानंतर ते सहाव्यांदा भेटत होते.

"झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "फार छान झालं, जनील. तुला सांगतो, फार छान."

"रेक्स, तिने कुठला पोशाख घातला होता?"

"कुठला म्हणजे?"

"माझा होता का? लेसच्या बाह्यांचा?"

रेक्सने खरोखर आठवून पाहिलं. तेवढं तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"पांढरा होता," तो म्हणाला.

"सगळेच पांढरे असतात!"

"मग मी काय सांगू? मी तोंडाकडे बघत होतो तिच्या." तो ओशाळला. "बाह्या होत्या. लांब होत्या. त्याआधी आत जरा उशीर झाला एवढं खरं, बायका कशासाठी तरी थांबल्या होत्या."

"कशासाठी?"

"मला कोण सांगतंय? लुआनाला विचार. ती येईलच तिच्याबरोबर, कपडे नीट करताहेत."

टॅबरनॅकलमधला ऑर्गन कधीच सुरू झाला होता. उघड्या दारातून त्याचा आवाज चौकापर्यंत येत होता. रेक्स जनीलच्या शेजारी उभा राहिला, दोन हात अंतर सोडून. जनीलच्या पर्समध्ये टिश्यूचा एक तुकडा राहिला होता, तो तिने घडी करून परत आत ठेवला.

बारा चाळीसला पूर्वेचं दार पुन्हा उघडलं. कॅमेरेवाली उठून उभी राहिली. बाहेर आलेली नवरी बोस्टनवाल्या गृहस्थांच्या पुतण्याची होती; केम्री अजून आतच होती.